इंग्रजी सर्वनामे का चुकतात? उत्तर दडले आहे मराठीतच

परभणी, प्रतिनिधी : परभणी जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आजही आईला 'माय' म्हणतात. इंग्रजीच्या तासाला मात्र याच 'माय'चा अर्थ 'माझा' असा सांगितला जातो. मराठीतील 'मी' हा वाक्याचा कर्ता. पण इंग्रजीत नेमका हाच उच्चार असलेला 'मी' म्हणजे 'मला'. मराठीत 'ही' म्हटले की डोळ्यांसमोर मुलगी येते, तर इंग्रजीतील 'ही' हा मुलगा असतो. 'दे' म्हणजे आपल्याकडे मागणी आणि इंग्रजीत 'ते' किंवा 'त्या'. अवघ्या दोन-तीन अक्षरांचे हे शब्द. परंतु इंग्रजी शिकणारे मराठी मूल पहिल्यांदा अडखळते ते याच शब्दांपाशी.

या अडखळण्याचा संबंध बहुधा मुलाच्या बुद्धीशी जोडला जातो. 'याचे इंग्रजी कच्चे आहे' असा शिक्का एकदा बसला की तो दहावीपर्यंत आणि पुढे नोकरीच्या परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. वस्तुतः सर्वनामांच्या बहुतेक चुका मराठी चांगले येत असल्यामुळे होतात. आपल्या भाषेतील नियम विद्यार्थी इमानेइतबारे इंग्रजीला लावतो आणि तेथे तो फसतो. दोन्ही भाषांची व्यवस्था शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर कोणती चूक का होते याचा उलगडा होतो आणि ती सुधारणेही सोपे जाते.

प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात शिक्षणाची आणि कारभाराची मुख्य भाषा उर्दू होती. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजीची सुरुवात दीर्घकाळ पाचवीपासून होत असे. राज्य शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तरीही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी दहावीला इंग्रजी ही तृतीय भाषाच असते. जिंतूर परिसरातील तांड्यांवर घरी गोरबोली बोलणाऱ्या किंवा शहरात घरी दखनी उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी तर ती आणखी एक पायरी दूर असते.

गंगाखेड, सेलू, पाथरी, पूर्णा येथून परभणीच्या अभ्यासिकांत येऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांना या विषयाचे मोल ठाऊक आहे. २०२३ मध्ये झालेल्या तलाठी भरतीच्या परीक्षेत शंभर प्रश्नांपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते. अशा परीक्षेत एका प्रश्नाच्या फरकाने उमेदवार यादीबाहेर जातो. सर्वनाम हा या अभ्यासक्रमातील लहानसा, पण हमखास विचारला जाणारा घटक आहे.

सर्वनाम आणि त्याचे प्रकार

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही व्याख्या दोन्ही भाषांना लागू पडते. मराठीत मूळ सर्वनामे नऊ मानली जातात : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. त्यांचे पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, सामान्य किंवा अनिश्चित आणि आत्मवाचक असे सहा प्रकार शालेय व्याकरणात शिकवले जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. या परंपरेत संस्कृत व्याकरणाबरोबरच इंग्रजी व्याकरणाचाही आधार घेतला गेला. त्यामुळे दोन्ही भाषांतील प्रकारांची नावे बरीचशी जुळतात.

इंग्रजीत हे सहाही प्रकार आहेत. त्याशिवाय स्वामित्वदर्शक, जोर देणारे, विभागवाचक आणि परस्परवाचक असे चार प्रकार सामान्यतः वेगळे दाखवले जातात. म्हणजे नावे पाठ करण्यात फारसे अवघड काही नाही. अडचण आहे ती आतल्या रचनेत.

पुरुषवाचक : 'आय' कोठे आणि 'मी' कोठे?

इंग्रजी पुरुषवाचक सर्वनामे सात आहेत : आय, वी, यू, ही, शी, इट आणि दे. ही सर्व कर्त्याची रूपे होत. तेच सर्वनाम कर्म झाले, किंवा 'टू', 'फॉर', 'विथ', 'बिटवीन' यांसारख्या शब्दयोगी अव्ययानंतर आले, की त्याचे रूप बदलते. 'आय'चे 'मी', 'वी'चे 'अस', 'ही'चे 'हिम', 'शी'चे 'हर' आणि 'दे'चे 'देम' होते. 'यू' आणि 'इट' मात्र बदलत नाहीत.

मराठी विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. आपणही 'मी'चे 'मला', 'माझ्याशी', 'माझ्यासाठी' करतोच. मराठवाड्याच्या बोलीत तर 'मी जातो' म्हणणारा माणूस 'म्या सांगितलं' असेही म्हणतो; म्हणजे क्रियापद बदलताच सर्वनामाचे रूप बदलण्याची सवय त्याच्या जिभेला आहे. म्हणून कसोटी सोपी ठेवावी. मराठी वाक्यात 'मला' किंवा 'माझ्याशी' येत असेल तर इंग्रजीत साधारणपणे 'मी' हे रूप येईल. 'हे तुझ्या-माझ्यात राहू दे' याचे इंग्रजी 'बिटवीन यू अँड आय' असे अनेक जण ऐटीत करतात; पण 'बिटवीन' नंतर कर्माचे रूप हवे, म्हणून 'बिटवीन यू अँड मी' हेच शुद्ध. 'मला' हे कर्त्याच्या जागी येते तेव्हा मात्र ही कसोटी चालत नाही. 'मला भूक लागली' याचे इंग्रजी 'आय अ‍ॅम हंग्री' असे होते.

तू, तुम्ही, आपण : सर्वांना एकच 'यू'

मित्राला 'तू', गुरुजींना 'तुम्ही' आणि व्यासपीठावरील पाहुण्यांना 'आपण' अशा तीन पायऱ्या मराठी माणूस सहज सांभाळतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी एकच 'यू' आहे. जुन्या इंग्रजीत एका व्यक्तीसाठी वेगळे सर्वनाम होते. पुढे ते जवळच्या किंवा कनिष्ठ माणसापुरते उरले आणि सतराव्या शतकापासून प्रमाण भाषेतून जवळजवळ नाहीसे झाले. आदराचे 'यू' सर्वांना लावले गेले. त्यामुळे साहेबांना 'यू' म्हणणे म्हणजे अरेतुरे करणे नव्हे. आदर दाखवायचा तर तो 'सर', 'मॅडम', 'प्लीज' अशा शब्दांतून दाखवला जातो.

याच आदरामुळे आणखी एक चूक होते. मराठीत वडिलांविषयी आपण 'ते शेतकरी आहेत' असे म्हणतो. माणूस एक, पण सर्वनाम आणि क्रियापद अनेकवचनी. तोच संस्कार घेऊन विद्यार्थी 'माय फादर आर अ फार्मर, दे वर्क इन द फिल्ड' असे लिहितो. मुलाने वडिलांचा मान राखला, पण वाक्य चुकले. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नसल्याने तेथे 'माय फादर इज अ फार्मर, ही वर्क्स इन द फिल्ड' असेच लिहावे लागते. शिक्षकांनी लाल रेघ ओढण्याबरोबर हे कारण सांगितले, तर मुलाला आपल्या चुकीचे मूळ समजते.

'आम्ही' आणि 'आपण' : येथे मराठी श्रीमंत

'आम्ही गंगाखेडला जाणार आहोत' आणि 'आपण गंगाखेडला जाणार आहोत' या दोन वाक्यांतील फरक मराठी मुलाला पाच वर्षांचा असतानाच कळतो. पहिल्या वाक्यात ऐकणारा घरीच राहणार आहे, दुसऱ्यात तो सोबत जाणार आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी 'वी' हा एकच शब्द आहे. हिंदी-उर्दूतील 'हम'ही असाच. तेलुगूत मात्र मराठीसारखाच भेद आढळतो.

भाषांतर करताना हा भेद वेगळ्या शब्दांनी भरून काढावा लागतो. ऐकणाऱ्याला सोबत घ्यायचे असेल तर 'यू अँड आय' किंवा 'ऑल ऑफ अस' असे म्हणता येते. एके ठिकाणी मात्र इंग्रजीही हा भेद दाखवते. 'लेट्स गो' म्हणजे 'चला, आपण जाऊ'. याउलट 'प्लीज लेट अस गो' हे 'कृपया आम्हांला जाऊ द्या' असे परवानगी मागणेही असू शकते.

'त्याची बहीण' आणि 'तिचा भाऊ'

मराठीत खुर्ची 'ती', दगड 'तो' आणि पुस्तक 'ते'. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सहसा लिंगभेद नाही, तिन्हींसाठी 'इट'. हे लवकर अंगवळणी पडते. अधिक घोटाळा होतो तो 'हिज' आणि 'हर' यांच्यात.

मराठीत 'त्याचा भाऊ', 'त्याची बहीण', 'त्याचे घर' अशी तीन रूपे होतात. म्हणजे मालक पुरुष असला तरी शब्दाचा शेवट मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतो. इंग्रजीत वस्तूकडे पाहायचेच नाही, फक्त मालकाकडे पाहायचे. मालक पुरुष असेल तर 'हिज ब्रदर', 'हिज सिस्टर', 'हिज हाउस'. स्त्री असेल तर तिन्ही ठिकाणी 'हर'. 'त्याची' या शब्दातील स्त्रीलिंगी शेवट कानात घुमत असल्याने विद्यार्थी 'हर सिस्टर' लिहून बसतो. 'वस्तू विसरा, मालक पाहा' एवढा एक नियम ही चूक टाळण्यास पुरेसा आहे.

स्वामित्वदर्शक सर्वनामांची गोष्ट याला जोडूनच येते. मराठीत 'हे माझे पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझे' या दोन्हींत 'माझे' हाच शब्द चालतो. इंग्रजीत नाम पुढे असेल तर 'माय', आणि नाम नसेल तर 'माइन'. त्याचप्रमाणे युअर-युअर्स, हर-हर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स अशा जोड्या आहेत. 'हिज' मात्र दोन्हींकडे तसाच राहतो. 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये वरचा स्वल्पविराम येत नाही. 'इट इज'चे लघुरूप असेल तेव्हा तो येतो.

'मायसेल्फ रमेश' कशामुळे?

मुलाखतीत नाव विचारताच 'मायसेल्फ रमेश, फ्रॉम परभणी' असे उत्तर देणारे उमेदवार थोडेथोडके नाहीत. 'मायसेल्फ' हे आत्मवाचक सर्वनाम असून सामान्यतः ते एकटे कर्ता होऊ शकत नाही. 'आय अ‍ॅम रमेश' किंवा 'माय नेम इज रमेश' एवढे साधे वाक्य पुरते.

आत्मवाचक सर्वनाम तेव्हा येते, जेव्हा क्रिया करणारा आणि क्रिया सोसणारा एकच असतो. 'त्याने स्वतःला आरशात पाहिले' येथे 'हिमसेल्फ' हवे. तेथे 'हिम' लिहिले तर पाहिलेला माणूस दुसराच कोणी ठरतो. हाच शब्द नुसता जोर देण्यासाठी आला की त्याला जोर देणारे सर्वनाम म्हणतात. 'मुख्याध्यापक स्वतः आले' या वाक्यातून 'स्वतः' काढले तरी वाक्य उभे राहते. आत्मवाचक सर्वनाम काढले तर वाक्य अपुरे राहते किंवा त्याचा अर्थ बदलतो. परीक्षेत हे दोन प्रकार ओळखण्याची हीच खूण. रूपांबाबतही सावध राहावे : 'मायसेल्फ' आणि 'अवरसेल्व्ह्ज' ही रूपे स्वामित्वदर्शकापासून बनतात, तर 'हिमसेल्फ' आणि 'देमसेल्व्ह्ज' कर्माच्या रूपापासून. म्हणून 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ह्ज' प्रमाण इंग्रजीत अशुद्ध ठरतात.

येथे मराठीचे एक सामर्थ्य लक्षात घेण्यासारखे आहे. 'रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले' म्हटले की घर रमेशचे, याबद्दल शंका राहत नाही. 'त्याच्या घरी' म्हटले की ते बहुधा सुरेशचे. इंग्रजीत दोन्हींसाठी 'हिज हाउस' येते आणि अर्थ संदिग्ध राहतो. तो स्पष्ट करण्यासाठी 'हिज ओन' असा जादा शब्द जोडावा लागतो किंवा नाव पुन्हा घ्यावे लागते.

दर्शक, संबंधी आणि प्रश्नार्थक

जवळच्या वस्तूसाठी एकवचनी 'धिस' व अनेकवचनी 'धीज', आणि लांबच्यासाठी 'दॅट' व 'दोज' ही दर्शक सर्वनामे. मराठीतील 'तो' हा शब्द पुरुषवाचकही आहे आणि दर्शकही. इंग्रजीत त्यासाठी 'ही' आणि 'दॅट' असे दोन वेगळे शब्द आहेत. यांच्यानंतर लगेच नाम आले तर ते विशेषणाचे काम करतात, हे परीक्षार्थींनी विसरू नये.

संबंधी सर्वनामांत मराठीची जोडी असते : जो-तो, जी-ती, जे-ते. 'जो मुलगा पहिला आला, तो माझा भाऊ आहे.' हे शब्दशः उतरवताना 'हू बॉय केम फर्स्ट, ही इज माय ब्रदर' अशी रचना होते आणि वाक्य कोसळते. इंग्रजीत आधी नाम, त्याला चिकटून संबंधी सर्वनाम; आणि 'तो'साठी वेगळा शब्द नाहीच : 'द बॉय हू केम फर्स्ट इज माय ब्रदर'. माणसांसाठी 'हू', वस्तू व प्राण्यांसाठी 'विच', मालकीसाठी 'हूज'. आणि 'दॅट' माणसे-वस्तू दोहोंसाठी चालते. कर्माच्या जागी 'हूम' हे रूप परीक्षेत अपेक्षित असते. बोलण्यात मात्र 'हू'च अधिक ऐकू येते.

प्रश्नार्थक सर्वनामे हेच शब्द घेऊन येतात. 'हू' म्हणजे कोण, 'व्हॉट' म्हणजे काय आणि 'विच' म्हणजे समोरच्या ठरावीक पर्यायांपैकी कोणते.

'सगळे आले', पण क्रियापद एकवचनी

'एव्हरीबडी', 'समवन', 'नोबडी', 'एनीथिंग' ही अनिश्चित सर्वनामे. मराठीत 'सगळे आले आहेत' असे अनेकवचन येते, म्हणून 'एव्हरीबडी हॅव कम' लिहिण्याचा मोह होतो. येथे 'हॅज' हवे. 'ईच', 'आयदर', 'नीदर' ही विभागवाचक सर्वनामेही प्रमाण व्याकरणानुसार एकवचनी क्रियापद घेतात. मराठी 'प्रत्येक'ही एकवचनीच आहे, तेव्हा येथे आपली भाषा मदतीला येते. परस्परवाचक 'ईच अदर' दोघांसाठी आणि 'वन अनदर' दोहोंहून अधिकांसाठी, असा नियम पाठ्यपुस्तके देतात. प्रत्यक्ष लेखनात तो काटेकोर पाळला जात नाही. परीक्षेत मात्र तोच धरून चालावे.

व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसताना काय लिहावे, हा इंग्रजीतील जुना वाद. पूर्वी सर्रास 'हिज' लिहीत. एका व्यक्तीसाठी 'दे' आणि 'देअर' वापरण्याची रीतही इंग्रजीत काही शतकांची आहे. मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून 'दे'ची निवड केल्यानंतर तिची चर्चा वाढली.

पाऊस पडतो, तेव्हा 'इट' कोण?

मराठीत 'उद्या येते' एवढे दोन शब्द पुरतात. बोलणारी स्त्री आहे हे क्रियापदच सांगते. इंग्रजीत असे कर्त्यावाचून सहसा चालत नाही. म्हणून जेथे खराखुरा कर्ता नसतो, तेथेही 'इट' बसवावे लागते. 'पाऊस पडतोय' म्हणजे 'इट इज रेनिंग'. 'पाच वाजले' म्हणजे 'इट इज फाइव्ह ओक्लॉक'. या 'इट'चे मराठी करायचे नसते. उलट, मराठीतून इंग्रजीत जाताना कर्त्याची जागा रिकामी तर राहिली नाही ना, हे तपासायचे असते.

वहीचे एक पान

तर्खडकर भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर ठेवून शिकण्याची ती रीत सर्वनामांसाठी आजही उपयोगी आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे आपले मराठी वाक्य, उजवीकडे त्याचे इंग्रजी लिहावे आणि प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारावेत : सर्वनाम कर्ता आहे की कर्म? मालक कोण? माणूस एक आहे की अनेक? कर्त्याची जागा भरली आहे का? शिक्षकांनीही चूक दाखवताना ती मराठीच्या कोणत्या नियमातून आली हे सांगावे. 'माय फादर आर' लिहिणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतील आदर नेमका ठाऊक आहे. इंग्रजीत तो कोठे थांबवायचा, एवढेच त्याला शिकायचे आहे.